उपनगरांतल्या वस्त्या आणि गावचे उत्सव: बघ्यांच्या गर्दीतून आत कसे यावे?

पर्वरीकर

गोव्यात पर्वरी, ताळगाव, फातोर्डा, कुर्टी, दाबोळी अशा वस्त्यांत राहणाऱ्या माणसाची एक गंमत असते. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव कधी सुरू होतो आणि डिसेंबरात पणजीत कोणते कलाप्रदर्शन भरते, हे त्याला महिनाभर आधी ठाऊक असते. मात्र आपल्या इमारतीमागच्या वाड्यावर पौषात धालोंचा, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाचा, मांड जागला, हे त्याला रात्री फुगडीचा आवाज खिडकीतून आत आला म्हणजेच कळते. मोठ्या कार्यक्रमाची जाहिरात होते. वाड्यावरच्या कार्यक्रमाची होत नाही, कारण तो ज्यांचा असतो त्यांना तिथी पाठ असते, आणि ज्यांना तिथी पाठ नसते त्यांना बोलवायचे राहून जाते.

पर्वरीत हे अधिक जाणवते. विधानसभा येथे आहे, सचिवालय आहे, मराठी भवनही आहे, पण पर्वरीला मध्य असा नाही. स्वतःची नगरपालिका नसल्याने ही वस्ती मुख्यतः पेन्ह दी फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींत वाटली गेली आहे आणि तिच्या मधून महामार्ग जातो. म्हापशाला बाजार आहे, फोंड्याला सभोवती देवळे आहेत. आमच्याकडे माणसे भेटण्याच्या जागा सिग्नलांनी घेतल्या. त्यात उड्डाणपुलाच्या कामाने रस्ता ओलांडणे हाच एक उद्योग होऊन बसला. खाप्रेश्वराचा जुना वड या कामासाठी जागचा हलवला गेला, तेव्हा पर्वरीलाही एक जुने गाव आहे, हे अनेक नव्या रहिवाशांच्या प्रथमच लक्षात आले असावे.

हा धागा ‘काय पाहावे’ यासाठी नाही. तशा याद्या पर्यटकांसाठी पुष्कळ निघतात. आपण जेथे राहता तेथल्या रोजच्या सामूहिक जीवनात, म्हणजे भजनात, नाटकात, जत्रेत, फेस्तात (चर्चच्या उत्सवात) आणि बाजारात, आपण कसे शिरलात, कोणाला विचारलेत, कोणते काम अंगावर घेतलेत, आणि त्यात आनंद कशाचा वाटला, हे सविस्तर लिहावे. तक्रारी असतील तर त्याही याव्यात. मूळ गावकरी असलेल्यांनी आमच्यासारख्यांकडे पाहताना काय वाटते, हेही मोकळेपणाने सांगावे.

अंत्रुजी

पर्वरीकरबाब, फोंडा महालात याचे उत्तर सोपे आहे: नाटकात शिरावे.

गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला नाटक म्हणजे तिकीट काढून, खुर्चीत बसून पाहण्याची गोष्ट वाटते. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसे रात्री नाटक करतात आणि गावातलीच माणसे ते पाहतात. दिवसा बँकेत बसणारा गृहस्थ रात्री औरंगजेब होतो आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर गिऱ्हाईक त्याला ‘काय खाविंद’ म्हणून हाक मारते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो, कारण त्याआधी पालखी, आरती आणि पावणी (देवाच्या वस्तूंचा लिलाव) व्हायची असते; तो पहाटेपर्यंत चालला तरी कोणी उठत नाही. मात्र प्रेक्षक भोळे नसतात. पद चुकले किंवा ताल ढळला, तर सभामंडपाच्या पायरीवर बसलेला सत्तर वर्षांचा वृद्ध तोंडावर सांगतो, आणि त्याचे ऐकून घ्यावे लागते, कारण तीच भूमिका त्याने त्याच रंगमंचावर केलेली असते.

नव्या माणसाने येथे ‘मला भूमिका द्या’ म्हणून जाऊ नये. भूमिका वाटण्यामागे जुने हिशेब असतात. ‘पडद्यामागे काही काम आहे का?’ असे विचारत जावे. वही घेऊन विंगेत बसणारा, दिवे सांभाळणारा, रंगभूषाकाराला चहा पोहोचवणारा, खुर्च्या लावणारा अशी माणसे नेहमीच कमी पडतात. तालमी बहुधा रात्रीच्या जेवणानंतर देवळाच्या अग्रशाळेत किंवा कोणाच्या तरी पडवीत होतात, आणि खरा समाज तेथे जुळतो. प्रयोग हे त्याचे निमित्त म्हणावे इतके. तालमीच्या मधल्या वेळात जमिनीचे वाद, मुलांचे निकाल, कोणाच्या घरी आजारपण, हे सगळे कळते. एक वर्ष वही धरली की दुसऱ्या वर्षी आपोआप हाक येते. पुढे हीच मंडळी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरतात आणि ज्यांना पूर्वी आपण शेजारी म्हणूनही ओळखत नव्हतो, त्यांच्यासाठी आपण राजीव कला मंदिरात घसा बसेपर्यंत टाळ्या पिटतो.

शास्त्रीय संगीताची आवड असेल, तर भजनाचा दरवाजा याहूनही मोकळा आहे. गोव्यातले भजन म्हणजे नुसता टाळ कुटणे नव्हे. त्यात रागांची जाण असलेली माणसे बसलेली असतात, आणि कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनी स्पर्धेमुळे महिलांची आणि मुलांची पथकेही गावोगावी उभी राहिली आहेत. पेटी येत नसेल तर झांज घ्यावी.

तिसवाडीचा वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मन प्रसन्न झाले, परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी पणजीलगतच्या एका वस्तीत राहतो. दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या रस्त्यावर नरकासुरांच्या नावाने जे चालते, त्याला सामूहिक जीवन म्हणण्याचे माझे धाडस होत नाही. नरकासुराचे पुतळे करण्याला माझा आक्षेप नाही. सुके गवत, बांबू, जुनी वर्तमानपत्रे जमवून मुले पंधरा दिवस एकत्र राबतात, हे उत्तमच आहे. आक्षेप आहे तो भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांना. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसंबंधीचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून ठरावीक दिवसांपुरतीच देता येते, पहाटेपर्यंतची तर मुळीच नाही. घरात रुग्ण असलेल्या माणसाने त्या रात्री काय करावे?

शिवाय देणगी देणारा नेता ठरला की मुखवट्यापेक्षा त्याचा फलक मोठा होतो. शिगमोच्या मिरवणुकांचेही थोड्याफार फरकाने तेच. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांसह नाचत जाणारी पथके, पाहायला मीही जातो, ढोल-ताशांवर ‘ओस्सय’ ऐकले की माझेही पाय थांबत नाहीत; पण चित्ररथांमध्ये इतके अंतर पडते की लहान मुले फुटपाथवरच झोपी जातात. अशा प्रसंगी बघ्या म्हणून राहणे हाच शहाणपणा वाटतो. प्रत्येकाने सहभागी झालेच पाहिजे, असा आग्रह का?

बार्देशकरीण

तिसवाडीकरबाब, आग्रह कोणी केलेला नाही. आवाजाबद्दल मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. आमच्या वाड्यावर ज्या वर्षी मुलांच्या आया त्या रात्री जाग्या राहून नरकासुराजवळ बसल्या, त्या वर्षी आवाजही कमी झाला आणि पहाटे नरकासुर जाळून मुले वेळेवर घरी आली. अंगणात कारीट फोडून, ताकातले, रोसातले आणि बटाट्याचे असे तऱ्हेतऱ्हेचे पोहे खायला शेजारची दहा घरे एकमेकांकडे जातात. दिवाळीची खरी मौज मला त्या सकाळी वाटते, आणि तिला वीज लागत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपण सर्वजण उत्सवांविषयीच लिहीत आहात. बाजाराचे काय? म्हापशाचा शुक्रवार हा माझ्या मते बार्देशातला सर्वांत मोठा नियमित सामाजिक कार्यक्रम आहे आणि तो वर्षातून पन्नासहून अधिक वेळा होतो. मोयऱ्याची केळी, हरमलची मिरची, सुकी मासळी, चोरिसांवच्या (गोव्यातल्या सॉसेजच्या) माळा, मातीच्या कुंडल्या, पावसाच्या तोंडावर रोपे, हे सारे घेऊन बसणाऱ्या बायका गावोगावहून येतात, आणि त्यांची बसायची जागा वर्षानुवर्षे ठरलेली असते. पर्वरीच्या सुपरमार्केटात वस्तू मिळते. येथे वस्तूबरोबर ती कशी करायची हेही मिळते. भाजीवाल्या बाईला ‘तायकिळ्याची भाजी अजून कोवळी आहे का?’ असे विचारून पाहावे. ती उत्तर देईल, आणि पुढच्या शुक्रवारी आपल्याला ओळखेल. चवथीच्या आदल्या दिवसांत तर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान घेताना कांगलां, आंबाडे, तोरिंगां, सुपाऱ्यांचे घड यांतले काय कोठल्या रानातून आले, हे ऐकत ऐकत दोन तास जातात. ज्यांच्या घरी गणपती नसतो त्यांनीही तेव्हा बाजारात एक फेरी मारावी.

ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीचे (मेरीमातेचे) फेस्त असते. तेथे तेल अर्पण करायला हिंदू बायका रांगेत उभ्या असतात, कारण आमच्याकडे ती शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते. पौष पौर्णिमेच्या सुमारास बोडगेश्वराची जत्रा भरते. दोन्हीकडे खाज्यांची दुकाने लागतात, दोन्हीकडे तीच माणसे भेटतात, आणि दोन्हीकडे गाडी लांब लावून चालत गेल्यास अर्धी चिडचिड वाचते.

ताळगाववासी

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर येथे आले. पर्वरीकरांनी विचारलेला प्रश्न माझ्यासारख्यांना थोडा वेगळ्या रीतीने पडतो. देवळात गेले की महाजन कोण, मान कोणाचा, पालखीला कोणी हात लावायचा, हे सगळे आधीच ठरलेले दिसते. कोणी अपमान करत नाही, पण आपण पाहुण्या आहोत हे कळते. उलट आमच्या इमारतीसमोरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) मे महिन्यात लदीन, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, झाली, तेव्हा समोरच्या घरातल्या आजीने खिडकीतूनच हाक मारली. मला प्रार्थना कळली नाही. व्हायोलिन कळले, आणि नंतर द्रोणातून आलेले उकडलेले चणेही. दरवर्षी 21 ऑगस्टला ताळगावात नव्या भाताच्या कणसांचे फेस्त असते, तेही त्या आजींमुळेच मला समजले. आजूबाजूला इतक्या इमारती झाल्या तरी कणसे कापायला अजून शेत आहे, याचे मला दरवर्षी अप्रूप वाटते.

प्रश्न असा: लदिनीला जाताना काय न्यावे? आणि देवळातल्या मानापानाच्या बाबतीत बाहेरच्या माणसाने कोठवर जावे?

बार्देशकरीण

ताळगाववासीताई, मेणबत्त्यांचे पाकीट न्यावे, किंवा खुरीस सजवायला फुले. ज्या घराकडे त्या वर्षीचा खर्च असेल त्यांना आधी विचारले तर ते चण्यांच्या खर्चात वाटाही घेऊ देतात. चप्पल काढायची की नाही, असा प्रश्न पडला तर पुढच्या रांगेकडे पाहावे.

अंत्रुजी

देवळांच्या बाबतीत थोडे स्पष्टीकरण देतो. गोव्यातली देवस्थाने 1933 सालच्या पोर्तुगीजकालीन नियमावलीनुसार चालतात आणि महाजन म्हणजे त्या संस्थेचे वंशपरंपरेने नोंदलेले सभासद. त्यामुळे कारभार, मतदान आणि काही सेवांचे मान यांत बाहेरच्या माणसाला स्थान नसते, आणि हे ताईंना खटकले तर त्यात नवल नाही. मलाही काही ठिकाणी खटकते. परंतु दर्शन, भजन, नाटक, दिव्यांची तयारी, महाप्रसादाची वाढप यांना कोठेही कोणी वंशावळ विचारत नाही.

आणि पाहुणेपणाचेच म्हणाल, तर आमच्या महालातले बहुतेक मोठे देव सोळाव्या शतकात बाहेरून आलेले आहेत. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. म्हार्दोळला फुलकारांची जायांची (जाईच्या फुलांची) पूजा ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला ती देवी कधी परगावची होती असे वाटणारही नाही.

मुरगावकर

अंत्रुजीबाबांच्या या शेवटच्या वाक्यावरूनच वास्कोविषयी लिहितो, कारण आमचे शहरच मुळी आलेल्या माणसांचे आहे. बंदर, रेल्वे, नौदल, विमानतळ यांच्या निमित्ताने देशभरातली माणसे येथे राहिली. तरीही शहराचा सर्वांत मोठा उत्सव एका नारळाभोवती उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे साथ पसरली असता लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराला साकडे घातले, तेथून प्रसादाचा नारळ आणला आणि अखंड भजन केले, अशी या सप्ताहाची कथा आहे. श्रावण शुद्ध सप्तमीला आजही नवा नारळ ठेवून चोवीस तासांचे भजन सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात विसर्जित केला जातो.

उपनगरांतल्या मंडळींनी येथून उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. चोवीस तास भजन थांबू द्यायचे नाही, म्हणजे पहाटे तीनलाही कोणीतरी बसलेच पाहिजे. म्हणून वेळा पथकांना वाटून दिलेल्या असतात. रात्री वेगवेगळ्या व्यवसायांचे ‘पार’ निघतात. बाजारकरांचा पार, नाभिकांचा पार, अशा मिरवणुकी देखाव्यांसह आणि गायकांच्या बैठकींसह येतात. म्हणजे उत्सवात शिरायला कूळ किंवा वाडा सांगावा लागत नाही, धंदा सांगितला तरी पुरतो. कामानिमित्त आलेल्या माणसाला याहून सोयीची व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

पुढे आठवडाभर स्वातंत्र्यपथावर फेरी, म्हणजे जत्रेतला बाजार, असते. तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. पाऊस, चिखल, कोंडी आणि स्वस्त प्लास्टिक. मीही दरवर्षी कुरकुर करतो आणि दरवर्षी जातो.

कुंभारजुवेकर

थोडक्यात लिहितो. आषाढी एकादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळात अहोरात्र भजन होते आणि द्वादशीला समोरच्या मैदानात चिखलकालो. अलीकडे पर्यटन खातेही त्यात उतरल्यामुळे कॅमेरे वाढले आहेत. चिखलात खेळणाऱ्यांनी अंगाला तेल लावून यावे, काठावर उभे राहणाऱ्यांनी कपडे स्वच्छ राहण्याची अपेक्षा ठेवू नये. चवथीच्या सातव्या दिवशी आमच्या कुंभारजुव्यात सांगोड निघतो. होड्या जोडून त्यांवर देखावे उभे करणारी मुले आठ-दहा दिवस आधीपासून राबतात, आणि त्यांना सुतारकाम, शिवणकाम किंवा विजेचे काम येणारा कोणीही हवाच असतो. छायाचित्रकार मात्र पुरेसे आहेत.

मठग्रामस्थ

मडगावविषयी कोणी लिहिले नाही म्हणून दोन गोष्टी. कार्तिकात हरिमंदिराची दिंडी निघते तेव्हा शहराच्या रस्त्यांवर नामवंत गायकांच्या बैठकी होतात. श्रोता रस्त्यावर बसकण मारतो. निमंत्रणपत्रिका, राखीव खुर्ची असले काही लागत नाही. फातोर्ड्यातल्या सदनिकांतून किती माणसे चालत येतात, हे मी दरवर्षी पाहतो, आणि संख्या वाढते आहे असे वाटते.

दुसरी गोष्ट पुरुमेंताची. पावसाआधी मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला सुकी मिरची, सोले, कांद्यांच्या माळा, सुकी मासळी यांची फेरी भरते. शीतपेट्यांच्या काळात पावसाळ्याची बेगमी कोणाला हवी, असे म्हणणारेही तेथून रिकाम्या हाताने परत आलेले मी पाहिलेले नाहीत.

तिसवाडीच्या वाचकांना एवढेच सांगतो की दिंडीला केवळ ऐकायला बसणारा माणूसही दिंडीचाच असतो. गाणाऱ्याला समोर कोणी नको असते असे थोडेच आहे?

तिसवाडीचा वाचक

हे मान्य. दिंडीला मी येईन. ध्वनिक्षेपकांबाबतचे माझे म्हणणे तसेच राहील.

पर्वरीकर

सर्वांचे आभार. या प्रतिसादांवरून एक ठरवून टाकले आहे. आमच्या संकुलात सार्वजनिक गणपती बसतो, पण आरती ध्वनिमुद्रित लावली जाते, आणि ती संपेपर्यंत माणसे मोबाईलवर चित्रण करत उभी राहतात. यंदा घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने आरती, व्हावी, असा प्रस्ताव मी बैठकीत मांडणार आहे. घुमटाला 2019 साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला; आपल्याच इमारतीत ते कधी वाजले नाही, हे बरे दिसत नाही. साल्वादोर द मुंदच्या बाजूच्या एका वाड्यावर दोघे जण शिकवायला तयार आहेत. तीन घुमटे आणि कांसाळें (झांजा) यांची सोय झाली आहे. शामेळ हे दुसरे चर्मवाद्य वाजवणारा मात्र मिळालेला नाही. नवशिक्याने दीड महिन्यात काय शिकावे?

अंत्रुजी

नवशिक्यांना आधी कांसाळें द्यावे, म्हणजे लय अंगात बसते. घुमटाला वेळ लागतो. एका हाताची बोटे चामड्यावर आणि दुसऱ्या हाताने मागचे तोंड उघड-मीट करायचे असते, आणि नाद त्या दुसऱ्या हातात असतो. सुरुवातीला सगळेच पुढच्या हाताने जोरात मारतात आणि चामडे सैल पडते. पावसाळ्यात ते तसेही सैल पडते, म्हणून सरावाआधी विस्तवाच्या उबेला धरावे. शामेळ दोन काठ्यांनी वाजते आणि आरतीची चाल तीच ओढते, त्यामुळे तेथे यंदा नवखा बसवू नका. फोंड्याहून एक जण मी पाठवू शकतो, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. त्याला येण्या-जाण्याचे भाडे आणि जेवण द्यावे, तो मानधन घेणार नाही. मासे त्या महिन्यात खात नाही, एवढे स्वयंपाकघरात सांगून ठेवावे.